सेवेला जाताना पैसे का भरावे लागतात?

प्रश्न : आमची मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर, नोकरीवर रुजू होण्याआधीच्या मोकळ्या दिवसांत नेपाळला गेली होती. काठमांडूजवळच्या एका लहानशा संस्थेच्या बालगृहात चार आठवडे मुलांना इंग्रजी शिकवायला. विमानाचं तिकीट आम्ही काढलंच, शिवाय संस्थेचं शुल्क म्हणून ४२ हजार रुपये भरले. गेली तेव्हा फार उत्साहात होती. आली ती गप्प होऊन. खोदून विचारल्यावर एवढंच म्हणाली, "आई, तिथे माझी गरजच नव्हती." सकाळी मुलं शाळेत जायची, त्यामुळे ही रिकामी. संध्याकाळी शिकवायला बसली तर तिच्या आधीच्या मुलीने शिकवलेले तेच रंग, तीच फळं, तीच प्राण्यांची नावं. दुपारी एक भिंत रंगवायला दिली, तर जुन्या रंगाखाली आणखी दोन रंग निघाले. पहिल्या दिवशी नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने तिला विचारलं, "दीदी, तू किती आठवड्यांची?" ते तिच्या मनातून जात नाही. माझे प्रश्न असे : सेवा करायला येणाऱ्याकडून पैसे कशाला घेतात? आम्ही फसलो का? आणि आता ती त्या मुलासाठी दर महिन्याला थोडे पैसे पाठवायचं म्हणते आहे, ते पाठवावेत का?
— एक आई, नवीन पनवेल

उत्तर : ताई, तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा मला सगळ्यात जड गेला, म्हणून तो शेवटी घेतो. आधी पैशांचं बघू.

माणूस बिनपगारी राबायला आला तरी संस्थेला तो फुकट पडत नाही. त्याला झोपायला जागा लागते, दोन वेळचं जेवण लागतं, उकळलेलं पाणी लागतं. पहिल्या आठवड्यात पोट बिघडतं, तेव्हा डॉक्टरकडे न्यायला कोणीतरी लागतं. भाषा येत नसेल तर तो बाजारात जाईपर्यंत आणि परत येईपर्यंत एक माणूस त्याच्यामागे अडकतो. कधी आपल्या तालुक्यातल्या तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटरला चक्कर मारा. मुंबई-गोवा महामार्गावर, कर्नाळ्याच्या अलीकडे-पलीकडेच आहे. डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली ही संस्था काढली आणि ताऱ्याचं काम दवाखान्यापासून वाढत साबण, तेलघाणी, शाळा असं पसरलं. तिथे देशविदेशातून विद्यार्थी आणि पाहुणे येत आले आहेत. अशा जागी थोडा वेळ थांबून बघितलं की कळतं, पाहुण्यांची सोय करणं हेच एक वेगळं खातं असतं. मोठ्या संस्थेला ते पेलतं. पाच-सहा माणसांच्या लहान संस्थेत मात्र मुलांचा स्वयंपाक करणारी बाईच पाहुण्यांच्या चादरी धुते.

म्हणून राहण्या-जेवण्याचा खर्च येणाऱ्याने द्यावा, यात गैर काहीच नाही. श्रमशिबिरांची जगभरची जुनी पद्धत तीच आहे : थोडी नोंदणी फी, प्रवास स्वतःचा, तिथलं जेवण साधं. उलट टोकाला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे. १९७० साली तो स्थापन झाला. तो स्वयंसेवकाकडून पैसे घेत नाही, त्यालाच राहण्या-खाण्याचा भत्ता देतो. पण निवड करताना तुम्हाला काय येतं, ते तिथल्या लोकांनी मागितलं आहे का, हे तपासून घेतो. तुमच्या मुलीला यातलं काही विचारलं होतं का? पैसे भरले की जागा पक्की, असं झालं असेल, तर गडबड तिथून सुरू झाली.

४२ हजारांत चार आठवड्यांचं राहणं-खाणं नेपाळच्या भावाने बसवून पाहा. वर बरेच पैसे उरतात. ते सहसा दोन ठिकाणी जातात. एक वाटा तुम्हाला त्या संस्थेपर्यंत पोहोचवणाऱ्या मध्यस्थाचा असतो. जाहिरात त्याची, छायाचित्रं त्याची, प्रमाणपत्रही बहुधा त्याचंच. उरलेला वाटा संस्थेला मिळतो आणि त्यातून ती आपला घरखर्च चालवते : भाडं, वीज, मुलांच्या शाळेची फी, तांदूळ. वरवर पाहता यात वाईट काही दिसत नाही. मुलांच्याच ताटात पडलं ना, असं आपण म्हणतो. पण एकदा पाहुण्यांच्या शुल्कावर चूल पेटायला लागली की पाहुणा येत राहणं ही संस्थेची गरज होऊन बसते. मग पाहुण्याला काहीतरी काम द्यावं लागतं. जे काम खरोखर निकडीचं असतं, म्हणजे हिशेब, सरकारी कागद, आजारी मुलाला रात्री सांभाळणं, ते चार आठवड्यांच्या परक्या मुलीच्या हाती देता येत नाही. भिंत देता येते. तुमच्या मुलीच्या ब्रशाखाली दोन जुने रंग का निघाले, याचं उत्तर मला तरी एवढंच दिसतं.

ती भिंत वाचताना मला माझं एक शिबिर आठवलं. कॉलेजात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या हिवाळी शिबिराला आम्ही माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीत गेलो होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून ओढ्यावर बंधारा घालायचा होता. पाठी मोडेपर्यंत राबलो. पाचव्या दिवशी एक ठाकर म्हातारी पाण्याची कळशी घेऊन जाताना थांबली आणि म्हणाली, पाणी तर वरच्या अंगाला आहे. ओढा खालच्या बाजूला कार्तिकातच आटतो, हे वाडीतल्या पोराटोरांना माहीत होतं. जागा आयोजकांनी निवडली होती, कारण तिथवर गाडी येत होती आणि समारोपाला पाहुणे यायचे होते. आम्हाला कोणी वाडीला विचारायला सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. त्या बंधाऱ्याच्या मागे पाण्याचा थेंब साठला नाही. घरी येऊन मी दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो. तुमच्या मुलीचं गप्प बसणं म्हणून मला ओळखीचं वाटलं. आपण दिलेल्या श्रमांचा कोणालाच उपयोग झाला नाही, हे दुःख लहान नसतं. "अनुभव तर मिळाला" असं म्हणून ते पुसू नका, ही विनंती.

आता दुसरा प्रश्न, फसलो का? पोलिसात जावं अशा अर्थाने बहुधा नाही. ती माणसं मनाने चांगलीही असतील. तुमच्या पत्रात तशी तक्रार कुठे नाही, आणि न पाहिलेल्या संस्थेवर मी आरोप करणार नाही. पण नेपाळातल्या बालगृहांबद्दल काही गोष्टी मुलगी जाण्याआधी तुम्हाला कोणीतरी सांगायला हव्या होत्या.

१९९६ ते २००६ या काळात तिथे माओवादी यादवी चालू होती. डोंगराळ जिल्ह्यांतल्या आईबापांना भीती होती की पोराला उचलून बंदूक हातात देतील. अशा वेळी गावात माणूस यायचा आणि सांगायचा, मुलाला काठमांडूला नेतो, चांगल्या शाळेत घालतो. त्यासाठी लोकांनी जमिनी विकून, कर्ज काढून पैसे दिले. मुलं शहरात आली आणि कितीतरी जण 'अनाथ' म्हणून नोंदली गेली. युद्ध संपलं तरी हा व्यवहार संपला नाही, कारण तोवर अनाथ मुलं बघायला, त्यांना शिकवायला पैसे भरून येणारे परदेशी लोक मिळू लागले होते. युनिसेफने सांगितलेला आकडा असा, की नेपाळातल्या बालगृहांमधल्या सुमारे ८५ टक्के मुलांच्या आईवडिलांपैकी किमान एक जण हयात होता. आणि त्या काळी ७५ जिल्हे असलेल्या या देशातली सुमारे ९० टक्के बालगृहं पर्यटकांची वर्दळ असलेल्या पाच जिल्ह्यांत एकवटलेली होती. गरिबी आणि यादवी डोंगरात, बालगृहं मात्र विमानतळाच्या आसपास. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने आईवडिलांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला आणि नवी बालगृहं काढायला बंदी घातली, ती याच भीतीने.

नेपाळ एकटा नाही. कंबोडियातही हेच घडलं. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१७ साली आधुनिक गुलामगिरीवर चौकशी केली, तेव्हा तिथल्या तरुणांचे बालगृह दौरे हा त्या चौकशीचा एक भाग होता. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अशा स्वयंसेवेमुळे मुलांचं नुकसान होतं, हे लिहून ठेवलं. आपल्याकडेही २०१५ च्या बाल न्याय कायद्यात बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे, मुलाला संस्थेत ठेवायचं की घरी हे बालकल्याण समितीने ठरवायचं असतं, आणि संस्था हा अगदी शेवटचा पर्याय मानला आहे. काळजी आणि संरक्षण हवं असलेल्या मुलाचा ओळख पटेल असा फोटो छापायलाही तो कायदा मनाई करतो. तुमच्या मुलीने तिथल्या मुलांबरोबर काढलेले फोटो कुठे टाकले असतील, तर आजच काढून टाकायला सांगा. नेपाळचा कायदा काय म्हणतो याची वाट बघू नका.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे मी आता येतो. "तू किती आठवड्यांची?" असं नऊ वर्षांचं पोर विचारतं, म्हणजे त्याने आधी किती दीदी आणि दादा मोजले असतील? दर महिन्याला एक नवं माणूस येतं, मांडीवर घेतं, गाणी म्हणतं, जाताना रडतं आणि जातं. लहान मुलाला त्यातून लळा लागतो आणि तुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा तुटतो. मग ते आधीच तारीख विचारून घेतं. तुमच्या मुलीला तो प्रश्न बोचला, यात तिचं मन किती जागं आहे ते दिसतं. तिच्याआधी आलेल्या कितीजणींनी तो ऐकला असेल आणि हसून सोडून दिला असेल.

यावर कोणी म्हणेल, मग परदेशात जाऊन सेवा करूच नये का? १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोत इव्हान इलिच या विचारवंताने अमेरिकन विद्यार्थ्यांच्या एका परिषदेत जवळजवळ असंच सांगितलं होतं. या, डोंगर चढा, बघा, शिका, पण आम्हाला मदत करायला येऊ नका, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. मला त्याचा राग समजतो, पण त्याचा निष्कर्ष पटत नाही. कारण नेमक्या त्याच वर्षी इथे, आपल्या विक्रोळीत, एक अमेरिकन बाई आपली सेवेची मुदत संपवत होती आणि तिची गोष्ट वेगळी होती.

पनवेलहून हार्बरने कुर्ल्याला उतरून पुढची गाडी पकडली की विक्रोळी येते. तिथल्या गोदरेज वसाहतीत लिलियन कार्टर राहत होत्या. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई. जन्म १५ ऑगस्ट १८९८ चा. पेशाने परिचारिका. नवरा वारला होता, मुलं मोठी झाली होती. पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेच्या जाहिरातीत वयाची अट नाही असं ऐकून त्यांनी अर्ज केला आणि १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी त्या इथे आल्या. येण्याआधी सुमारे तीन महिन्यांचं प्रशिक्षण झालं होतं, त्यात भाषेचे धडेही होते. तरीही सुरुवातीचे महिने त्यांना फार कठीण गेले. त्यांना कुटुंबनियोजनाच्या कामावर लावलं होतं. त्यात त्यांचं मन रमेना. हातात नर्सिंगची विद्या असताना आपल्याला भलतंच काम दिलं आहे, असं त्यांना वाटत होतं. घरच्यांना लिहिलेल्या पत्रांत ती तगमग दिसते, आणि ती पत्रं १९७७ साली पुस्तकरूपाने छापलेली आहेत. पण त्या थांबल्या. हळूहळू त्या वसाहतीच्या दवाखान्यात जाऊ लागल्या आणि तिथे त्यांना आपलं काम सापडलं. कुष्ठरोग्यांची शुश्रूषाही त्यांनी केली. एकूण २१ महिने. परत गेल्या तेव्हा वाळून गेल्या होत्या, पण ते दिवस आयुष्यभर अभिमानाने सांगत राहिल्या.

तुमच्या मुलीच्या चार आठवड्यांत आणि या २१ महिन्यांत फरक केवळ मुदतीचा नाही, असं मला वाटतं, जरी मुदत महत्त्वाची आहेच. लिलियनबाईंनाही पहिल्या चार आठवड्यांनंतर घरी जायला लागलं असतं तर त्यांचीही गोष्ट "तिथे माझी गरज नव्हती" इथेच संपली असती. त्यांच्यापाशी दोन गोष्टी होत्या. अंगात मुरलेली विद्या होती, आणि चुकीचं काम दिलं तर बरोबर कामापर्यंत पोहोचण्याइतका वेळ होता. शिवाय त्यांना पाठवणाऱ्यांनी त्यांच्याकडून शुल्क घेतलं नव्हतं, त्यामुळे त्यांना खूश ठेवायची जबाबदारी विक्रोळीत कोणावर नव्हती.

आपल्याकडून बाहेर गेलेल्यांत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. पण ते पथक जाण्याआधी तिकडून बोलावणं आलं होतं. सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली होती. मागणी शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांची होती आणि गेले तेही डॉक्टरच. पाचांपैकी काहीजण लवकर परतले आणि त्यात कमीपणा नव्हता. कोटणीस राहिले, चिनी शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. एवढं प्रत्येकाने करावं असं मी म्हणत नाही. त्या बोलावण्याकडे तुमचं लक्ष वेधतो आहे. तुमच्या मुलीला बोलावणं आलं होतं, पण ते मध्यस्थाच्या जाहिरातीतून.

आणि निराशा येणं हे अपयशाचं लक्षण समजू नका. आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांची सगळी परंपराच एका फसलेल्या शिबिरातून निघालेली आहे. पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनियर. वडील स्वित्झर्लंडचे अध्यक्ष राहिलेले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या नोव्हेंबरात, फ्रान्समधल्या व्हर्दंजवळ एस्न नावाच्या उद्ध्वस्त गावात तो काही तरुणांना घेऊन गेला. त्यांत जर्मनही होते. ज्यांनी गाव पाडलं त्यांच्याच देशातली मुलं ते बांधायला आली आहेत, अशी ती कल्पना होती. थंडीत त्यांनी लाकडी खोपट्या उभारल्या, शेतं साफ केली. पण जर्मन माणसं इथे नकोत असा विरोध झाला आणि काही महिन्यांतच त्यांना काम आवरून निघावं लागलं. सेरेसोलने ते मनात ठेवलं. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा तो इथे आला आणि आधी विचारपूस करत फिरला. राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीशी बोलला, त्यांच्याबरोबर काम ठरवलं. पाण्यात बुडणारी गावं उंच जमिनीवर हलवून नव्याने बांधायची होती. मुझफ्फरपूर भागात हे काम १९३७ पर्यंत चाललं. मोजके युरोपीय आणि बाकी सगळे तिथलेच लोक, असं. फ्रान्समधल्या त्या गावातून काम आवरून निघावं लागलेला माणूस बिहारमध्ये आधी विचारून कामाला लागला, हे मला फार मोलाचं वाटतं.

बिनप्रशिक्षित हातांची गरज कधी नसतेच, असंही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती जागा आपल्यापासून काही दूर नाही. पावसाने वाट निसरडी झालेली, यंत्र वर चढवता येत नव्हतं. त्या वेळी आसपासची डोंगर चढणारी मुलं, पायथ्याच्या गावांतले लोक यांचे हात-पाय लाखमोलाचे होते, कारण त्यांना वाट माहीत होती आणि ते तासाभरात तिथे पोहोचू शकत होते. खांद्यावर सामान वाहून नेणं हेच त्या दिवशी सगळ्यात मोठं काम होतं. तेच हात आठवडाभराने हजार मैलांवरून विमानाने आले असते तर त्यांच्या जेवणाची चिंता करावी लागली असती.

तुमची मुलगी पुन्हा कधी जायचं म्हणाली, तर जाऊ द्या, अडवू नका. पण जाण्याआधी तिने संस्थेला एक प्रश्न लिहून विचारावा : मी आले नाही तर हे काम कोण करेल? "तिथलीच शिक्षिका करेल" असं उत्तर आलं तर त्या शिक्षिकेच्या पगाराला हातभार लावणं जास्त उपयोगी. "कोणीच नाही, आम्हाला सौर पंप दुरुस्त करणारं माणूस हवं आहे" असं आलं तर ती इंजिनियर आहे, तिने जरूर जावं. संस्थेची नोंदणी पाहावी. नेपाळात समाज कल्याण परिषद आहे, आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. व्हिसाचीही चौकशी करावी. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही, म्हणून हा मुद्दा सुटला असेल, पण इतर बऱ्याच देशांत पर्यटन व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. आणि जिथे मुलं राहतात त्या जागी तिच्या चारित्र्याची, ओळखीची कसलीही चौकशी न करता तिला आत घेतलं, तर तिने तिथे थांबू नये. तिला आत सोडणारे उद्या कोणालाही सोडतील.

सेवेसाठी दूरच जायला हवं असंही नाही. मालडुंगे-धोदाणीकडच्या वाड्यांतली, कातकरी वस्त्यांमधली मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात, हे तुम्ही ऐकलं असेल. मधल्या महिन्यांत त्यांची शाळा सुटते. तिथे वर्षभर दर रविवारी जाणारं माणूस हवं असतं. पण तुमच्या मुलीला परदेशाची ओढ असेल तर मी तिला वाडीकडे वळवायचा आग्रह धरणार नाही. वाडीतही ती चारच रविवार जाणार असेल तर तिथेही कोणीतरी तिला तारीख विचारेल.

आता तिसरा प्रश्न, पैसे पाठवावेत का?

उत्तराआधी एक गोष्ट सांगतो. २००४ साली कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण जगभर फिरायला निघाला होता. वाटेत नाव व्हावं म्हणून काठमांडूजवळच्या गोदावरीत एका बालगृहात काही महिने स्वयंसेवक म्हणून राहिला. अठरा-एकोणीस मुलं. सगळी अनाथ, असं त्याला सांगितलं होतं. एक दिवस दारात एक बाई येऊन उभी राहिली आणि कळलं की ती त्यांतल्या दोन मुलांची आई आहे. पुढे तो मुलांचे फोटो घेऊन वायव्येकडच्या हुमला जिल्ह्यात पायी हिंडला आणि एकेका मुलाचं घर शोधत गेला. २००६ साली त्याने त्याच कामासाठी संस्था काढली. मुलं परत घरी पोहोचवण्याचं काम फार सावकाश चालतं. घर सापडलं तरी तिथे खायला आहे का, शाळा आहे का, मुलाला आईची भाषा तरी आठवते का, हे सगळं पाहावं लागतं.

म्हणून ताई, दर महिन्याचे पैसे आत्ताच सुरू करू नका. एखाद्या मुलाच्या नावाने बाहेरून नियमित पैसे येऊ लागले की ते मूल संस्थेत राहणंच संस्थेच्या सोयीचं ठरतं, मग ती माणसं कितीही भली असोत. मुलीला आधी विचारा, त्या मुलाचं गाव कोणतं? त्याची आई आहे का? शेवटचं घरी कधी गेला होता? चार आठवड्यांत तिला हे कोणी सांगितलं नसेल, आणि तिनेही विचारलं नसेल. त्यात तिची चूक मी धरत नाही, मीही त्या वाडीत पाच दिवस काहीच विचारलं नव्हतं. आता तिने संस्थेला पत्र लिहून हेच विचारावं. त्या मुलाची नोंद तिथल्या बालकल्याण अधिकाऱ्याकडे आहे का आणि घरच्यांना भेटवण्याचा काही प्रयत्न चालू आहे का, हेही विचारावं. उत्तर टाळलं गेलं तर नेपाळच्या राष्ट्रीय बाल अधिकार परिषदेला लिहिता येतं. घर सापडलं आणि पैशांअभावी त्याला परत जाता येत नसेल, तर तेव्हा तुमचे पैसे त्या वाटेवर लावा.

त्या मुलाला ती वाढदिवसाला एक पत्र पाठवू शकते. "मी परत येईन" असं त्यात लिहू नये, येणार नसेल तर. तो तारखा पाठ करतो.

संस्थेकडून काय उत्तर येतं ते मला कळवा. पत्राची एक प्रत मात्र जपून ठेवा.